सत्यान्वेषीचा महाराष्ट्रातील मुक्काम : दूरदर्शनवरील ‘ब्योमकेश बक्षी’ मालिकेच्या टिकाऊ आकर्षणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि दूरदर्शनने आपल्या संग्रहातील काही जुन्या मालिका पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांच्या पुनःप्रक्षेपणाची चर्चा सर्वत्र झाली व ती स्वाभाविकही होती. पुराणकथा पुन्हा पुन्हा ऐकण्याची आपली परंपरा आहे. तेथे पुढे काय घडणार हे श्रोत्याला आधीच माहीत असते. परंतु त्याच दिवसांत ‘ब्योमकेश बक्षी’ ही १९९३ साली प्रथम प्रक्षेपित झालेली गुप्तहेर मालिकाही पुन्हा दाखविण्यात आली आणि तीही आवडीने पाहिली गेली. ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. रहस्यकथेचा सारा डोलारा ‘खुनी कोण’ या एका प्रश्नावर उभा असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ते उत्तर एकदा हाती आल्यावर कथेत उरावे तरी काय ? सत्तावीस वर्षांपूर्वी उत्तर ठाऊक झालेल्या प्रेक्षकाने तीच कथा पुन्हा का पाहावी ?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मालिकेच्या मूळ कथा, त्यांचा लेखक आणि दूरदर्शनचा तत्कालीन संदर्भ यांच्या आधारे केला आहे. ब्योमकेशचे आकर्षण कोड्यात नसून चौकशीच्या रीतीत आहे, आणि ती रीत घडण्यात महाराष्ट्रातील वास्तव्याचा वाटा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. यातील दुसरा मुद्दा महाराष्ट्रात अभावानेच उच्चारला जातो. ब्योमकेश हा कलकत्त्याचा, म्हणून तो सर्वस्वी बंगालचा, असे आपण गृहीत धरून चालतो.

मालाड ते पुणे

ब्योमकेशचे निर्माते शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी जौनपूर येथे झाला. त्यांनी १९३२ मध्ये पहिली ब्योमकेश कथा लिहिली. ही पहिली कथा ‘पथेर काँटा’ होय. ज्या ‘सत्यान्वेषी’ कथेत ब्योमकेश आणि त्याचा लेखकमित्र अजित यांची प्रथम भेट होते, ती लेखनक्रमाने तिसरी आहे. म्हणजे पात्राची ओळख करून देण्याची गरज लेखकाला पात्र जमल्यानंतर भासली. १९३६ पर्यंत अशा दहा कथा लिहून झाल्या आणि शरदिंदूंनी ब्योमकेशला निरोप दिला.

१९३८ मध्ये ते मुंबईस आले. हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीज या मालाड येथील चित्रसंस्थेसाठी त्यांनी पटकथालेखन केले. पुढे चित्रपटव्यवसायाचा कंटाळा येऊन १९५२ च्या सुमारास ते पुण्यास स्थायिक झाले व २२ सप्टेंबर १९७० रोजी त्यांचे निधन होईपर्यंत महाराष्ट्र हीच त्यांची निवासभूमी राहिली. सुमारे पंधरा वर्षे गप्प बसलेला ब्योमकेश १९५१ साली ‘चित्रचोर’ या कथेतून परतला आणि त्यानंतर थांबला नाही. एकूण तेहतीस कथांपैकी, अखेरची अपूर्ण कथा धरून, तेवीस कथा या दुसऱ्या कालखंडातील आहेत. दोनतृतीयांशाहून अधिक ब्योमकेश हा महाराष्ट्राचा रहिवासी झालेल्या लेखकाच्या लेखणीतून उतरला आहे, हे साध्या गणिताने सिद्ध होते.

या वास्तव्याने शरदिंदूंच्या लेखनावर आणखीही खूण सोडली. शिवकालीन महाराष्ट्रात घडणाऱ्या, ‘सदाशिव’ नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथा त्यांनी बंगाली बालवाचकांसाठी लिहिल्या. एका बंगाली लेखकाने मावळच्या डोंगरदऱ्या बंगालच्या मुलांपर्यंत नेल्या, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात ठळकपणे व्हावयास हवी होती.

ब्योमकेशच्या बाबतीत या दूरस्थतेचा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. पहिल्या दहा कथांतील कलकत्ता हे लेखकाच्या डोळ्यांसमोरचे शहर आहे. तेथे कोकेनचा चोरटा व्यापार आहे, भाडोत्री खोल्यांची मेस आहे, वर्तमानपत्रांतील चमत्कारिक जाहिराती आहेत. नंतरच्या कथांतील कलकत्ता दूर राहून आठवलेले आहे. आठवणीत शहराचे रस्ते पुसट होतात, घरे मात्र स्पष्ट राहतात. या कथांमध्ये एकत्र कुटुंबे, दत्तक प्रकरणे, मृत्युपत्रे, सावत्र नाती आणि सुनेच्या मनातील अबोल दुःखे यांना जे प्राधान्य मिळाले, त्याचे एक कारण येथे शोधता येते. दुसरे कारण पटकथालेखनाचे. चौदा वर्षे प्रसंग आणि संवाद यांतच विचार करण्याची सवय लागलेल्या लेखकाची कथा पडद्यासाठी निम्मी तयारच असते. बासू चटर्जी यांना मालिकेसाठी कथांची फारशी मोडतोड करावी लागली नाही, ती यामुळेच.

मराठी वाचकाची पूर्वतयारी

मराठी वाचकाला गुप्तहेर नवा नव्हता. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे घराघरांत पोहोचविली. भालबा केळकर यांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. पुढील पिढीत गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर यांनी हा वाचक टिकवून धरला. वाचनालयात अशा पुस्तकांना सर्वाधिक मागणी आणि समीक्षेत त्यांना सर्वांत कमी जागा, ही विसंगती मराठी प्राध्यापकवर्गाने स्वतःच्या सोयीने निर्माण केली, असे म्हटल्यास ते कटू वाटेल, पण चूक ठरणार नाही.

अर्नाळकरांचे नायक वेगवान आहेत. वेषांतर, पाठलाग, पिस्तूल आणि भुयारे हे त्यांचे जग. काळा पहाड तर कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय करणारा. ब्योमकेश याच्या अगदी उलट आहे. धोतर-सदरा घातलेला हा मनुष्य चहा पितो, वर्तमानपत्र वाचतो आणि समोरच्याला बोलू देतो. त्याचे वडील शाळेत गणित शिकवीत असत. सतराव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपल्यावर शिष्यवृत्तीच्या आधारे तो शिकला. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात पहिल्या बाकावर बसणारा गरीब, हुशार विद्यार्थी पुढे गुप्तहेर झाला तर तो असाच असेल. ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द त्याला आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवितो. हा केवळ शब्दाचा हट्ट नाही. गुन्हेगार पकडणे आणि सत्य शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे त्याला सुचवावयाचे आहे.

१९९३ : बासू चटर्जी यांचा दिवाणखाना

ही मालिका ज्या वेळी आली ती वेळही महत्त्वाची आहे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या भारतीय घरांत येऊ लागल्या होत्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली. दूरदर्शनची मक्तेदारी संपत आली होती. तरीही केबल न पोहोचलेल्या खेड्यांत छपरावरच्या अँटेनावर दिसणारे राष्ट्रीय प्रसारण हेच दूरचित्रवाणीचे एकमेव रूप होते. शहरातील प्रेक्षक आणि खेड्यातील प्रेक्षक एकच कार्यक्रम पाहत असल्याचा तो शेवटचा काळ म्हणता येईल. मालिकेचे पहिले पर्व १९९३ मध्ये व दुसरे १९९७ मध्ये आले. या दोन पर्वांच्या मधल्या चार वर्षांत भारतीय दूरचित्रवाणी ओळखू न येण्याइतकी बदलली होती. ‘ब्योमकेश बक्षी’ मात्र बदलली नाही.

बासू चटर्जी हे मूळचे व्यंगचित्रकार. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात त्यांनी अनेक वर्षे व्यंगचित्रे काढली. ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ (१९७६), ‘बातों बातों में’ (१९७९) अशा चित्रपटांतून त्यांनी मध्यमवर्गीय माणसाचे घर, त्याचा बसथांबा आणि त्याचा संकोच पडद्यावर आणला. १९८५ मधील ‘रजनी’ या मालिकेत प्रिया तेंडुलकर यांनी साकारलेली गृहिणी अन्यायाविरुद्ध साधे प्रश्न विचारते. १९८६ च्या ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये बारा माणसे एका बंद खोलीत बसून एका तरुणाच्या अपराधाचा केवळ चर्चेने निवाडा करतात. या दोन कृती ब्योमकेशची पूर्वतयारीच म्हणाव्या लागतील. रजनीचा प्रश्न विचारण्याचा निर्भीड स्वभाव आणि बंद खोलीतील तर्क यांचा संयोग झाला की ब्योमकेश तयार होतो.

रजित कपूर यांचा ब्योमकेश, के. के. रैना यांचा अजित आणि सुकन्या कुलकर्णी यांची सत्यवती ही पात्रयोजना आज अपरिहार्य वाटते. मराठी रंगभूमीची ओळख असलेल्या प्रेक्षकाला सत्यवतीच्या रूपाने आपल्या घरचे माणूस त्या कलकत्त्याच्या घरात वावरताना दिसले. आनंद शंकर यांचे संगीत सोडले तर मालिकेत भपका असा नाही. सेट साधे, प्रकाशयोजना सपाट, कॅमेरा बहुधा माणसांच्या चेहऱ्यावर. निर्मितीच्या तांत्रिक अंगाने पाहता ही मालिका आज जुनाट दिसते, हे मान्य केले पाहिजे. पुढे २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जी यांनी याच पात्रावर ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्शी !’ हा नेत्रदीपक चित्रपट केला. तत्पूर्वी १९६७ मध्ये सत्यजित राय यांनी उत्तमकुमार यांना घेऊन ‘चिडियाखाना’ निर्माण केला होता. तरीही हिंदी जाणणाऱ्या प्रेक्षकाच्या मनातील ब्योमकेश रजित कपूर यांच्याच चेहऱ्याचा आहे.

उत्तर ठाऊक असलेले रहस्य

‘पथेर काँटा’वर आधारलेला ‘रास्ते का काँटा’ हा भाग उदाहरणादाखल घेता येईल. शहरात माणसे रस्त्यावर चालता चालता कोसळत आहेत. प्रत्येकाच्या हृदयात ग्रामोफोनची पिन सापडते. शस्त्र आहे सायकलच्या घंटीत दडविलेले. ही क्लृप्ती एकदा पाहिलेला प्रेक्षक जन्मभर विसरत नाही. मग दुसऱ्या वेळी तो काय पाहतो ? तो ब्योमकेशला वर्तमानपत्रातील जाहिराती वाचताना पाहतो. खऱ्या बातम्या जाहिरातींतच असतात असे त्याचे मत आहे, आणि प्रत्येक आठवड्यास प्रसिद्ध होणाऱ्या एका निरर्थक वाटणाऱ्या जाहिरातीतून तो खुनाच्या व्यवसायापर्यंत पोहोचतो. कोणाला तरी आपल्या वाटेतला ‘काटा’ दूर करावयाचा आहे आणि त्यासाठी पैसे मोजण्याची त्याची तयारी आहे. काटा म्हणजे बहुधा श्रीमंत नातेवाईक. घंटीची क्लृप्ती पहिल्या वेळेसाठी होती. वारसाहक्कासाठी माणूस माणसाला काटा समजतो, ही गोष्ट दुसऱ्या वेळेस दिसते.

‘अर्थमनर्थम्’वरील ‘वसीयत’ या भागातही संशयाची सुई मृत्युपत्रावरून घरातील माणसांकडे वळते आणि याच प्रकरणात ब्योमकेशला सत्यवती भेटते. भावावर खुनाचा आळ आलेली ही मुलगी त्याच्याकडे न्याय मागण्यास येते. पुढे ती त्याची पत्नी होते, त्यांना मुलगा होतो, ब्योमकेश प्रौढ होत जातो. होम्सचे वय वाचकाला जाणवत नाही आणि त्याला संसारही नाही. ब्योमकेशला घर आहे, म्हणूनच दुसऱ्यांच्या घरात शिरताना तो पाहुण्यासारखा जपून वागतो.

हे अधिक स्पष्टपणे ‘साही का काँटा’मध्ये दिसते. ‘शजारूर काँटा’ ही मूळ कथा १९६७ मधील, म्हणजे पुण्यातील वास्तव्यातली. साळिंदराच्या काट्याने एकामागून एक खून होत आहेत. ज्याच्यावर अखेरचा वार होतो तो नायक वाचतो, कारण त्याचे हृदय उजव्या बाजूस आहे. कोडे म्हणून हे कल्पक आहे, किंचित अतिकल्पकही. परंतु कथेचा मोठा भाग खुनांनी व्यापलेलाच नाही. मनाविरुद्ध विवाह झालेली पत्नी आणि तिचा अबोल, समंजस पती यांच्यातील अंतर हळूहळू कसे मिटते, हा तिचा खरा विषय. खुन्याचे नाव विसरलेल्या प्रेक्षकालाही ते घर आठवते.

‘आदिम रिपु’वर आधारित ‘आदिम शत्रू’ या भागात प्रश्न आणखी खोल जातो. १९४६ ची दंगलग्रस्त कलकत्ता नगरी आणि स्वातंत्र्याचा उंबरठा ही त्याची पार्श्वभूमी. ब्योमकेशला खुनी सापडतो. पण तो त्याला पोलिसांच्या स्वाधीन करीत नाही. शरदिंदूंनी ही सूट आपल्या नायकाला सहज दिलेली नाही. अपराध्याला सोडल्यावरही अपराधाचे ओझे कोणावर तरी राहते, आणि ते येथे सत्य जाणणाऱ्यावर राहते. देश स्वतंत्र होत असताना, न्यायव्यवस्था परकीयांच्या हातून आपल्या हाती येत असताना, लेखकाने हा प्रसंग नेमक्या त्याच रात्रीजवळ आणून ठेवावा, हा योगायोग मानणे कठीण आहे.

पोलीस गुप्तहेर आणि घरगुती गुप्तहेर

याच्या तुलनेसाठी दुसरा प्रवाह लक्षात घ्यावा लागतो. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेने पोलीस तपासाला केंद्रस्थान दिले. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग व अभिनेते शिवाजी साटम हीच जोडी पुढे २१ जानेवारी १९९८ पासून सोनी वाहिनीवर ‘सी.आय.डी.’ घेऊन आली. ती मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत अखंड चालली व डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. लोकप्रियतेत ब्योमकेशची तिच्याशी तुलनाच नाही. पण दोहोंचा टिकाऊपणा वेगवेगळ्या जातीचा आहे. ‘सी.आय.डी.’ दर आठवड्यास नवा गुन्हा देऊन टिकली. ‘ब्योमकेश बक्षी’ मोजक्याच भागांवर टिकून आहे. पहिलीत दार तोडले जाते, दुसरीत दार ठोठावले जाते. पोलिसी अधिकार हाती नसलेल्या ब्योमकेशला माणसांनी स्वेच्छेने बोलावे लागते, आणि माणसे बोलावीत यासाठी त्याला ऐकावे लागते. सामान्य माणसाला पोलीस चौकीत सहसा न मिळणारी गोष्ट त्याला या पडद्यावर मिळते: कोणीतरी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेते.

इटियाडोहच्या परिसरातून पाहताना

या मालिकेचा विचार महानगराबाहेर केल्यास आणखी काही गोष्टी ध्यानात येतात. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. या धरणाच्या पाण्यावर धानाची शेती पोसली जाते. परिसरात गोंड आदिवासी व झाडीबोली बोलणारा शेतकरी तर आहेच, शिवाय पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आणि १९७२ मध्ये वसविलेली नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहतही आहे. एका जलाशयाच्या आसपास इतक्या भाषा आणि इतक्या स्थलांतरांच्या कहाण्या महाराष्ट्रात क्वचितच एकत्र सापडतील. बंगालीत लिहिलेली, हिंदीत चित्रित झालेली, मराठी अभिनेत्रीने सजविलेली ही मालिका अशा ठिकाणी कोणा एकाची राहत नाही. फाळणीची दंगल ‘आदिम शत्रू’मध्ये पार्श्वभूमी असते, निर्वासित कुटुंबाच्या घरात ती आजोबांची गोष्ट असते.

दुसरी बाब झाडीपट्टी रंगभूमीची. धानाची कापणी आटोपते, मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात व देसाईगंज-वडसा येथील नाट्यसंस्था गावोगावी फिरू लागतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटे संपते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला नाटकाचा शेवट बहुधा पहिल्या अंकातच कळलेला असतो. खलनायक कोण हे त्याच्या प्रवेशासरशी समजते. तरी तो कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत बसतो, कारण सत्य उघड होण्याचा प्रसंग कसा वठविला जातो हे त्याला पाहावयाचे असते. नागर समीक्षेने ज्याला भाबडेपणा म्हटले, तो वस्तुतः पाहण्याचा एक मुरलेला संस्कार आहे. रहस्यकथा एकदाच वाचावयाची असते हा समज छापील पुस्तकाने रूढ केला. दंडार आणि नाटक पाहणाऱ्या समाजाला तो कधीच पटलेला नव्हता. ब्योमकेशच्या पुनःप्रक्षेपणाचे कोडे या प्रेक्षकाला कोडे वाटणार नाही.

शरदिंदूंची अखेरची ब्योमकेश कथा ‘विशुपाल वध’ हिचा प्रारंभही रंगमंचावरच होतो. ‘कीचकवध’ नाटकाचा प्रयोग रंगात आलेला असताना कीचकाची भूमिका करणारा नट प्रेक्षकांसमक्ष मरण पावतो. प्रेक्षकांना तो अभिनय वाटतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर ब्रिटिश सरकारने घातलेली बंदी ज्या वाचकाला आठवते, त्याला पुण्यात राहणाऱ्या लेखकाने निवडलेले हे नाटक थबकवून जाते. ब्योमकेश नाट्यगृहात दाखल होतो, नटनट्यांच्या जबान्या सुरू होतात. सप्टेंबर १९७० मध्ये शरदिंदूंचे निधन झाले तेव्हा ही कथा अर्धवट राहिली होती. तेहतीस कथांपैकी हीच एक अशी, जिच्यातील खुन्याचे नाव शरदिंदूंनी कोणालाच सांगितले नाही.